अर्धा म

क्लाक्सविकच्या बंदर-कचेरीत
मार्युनच्या टेबलावर आता नवा कॉम्प्युटर.
खिडकी बंद करायची खूण उजवीकडून डावीकडे गेली,
करंगळीचं काम अंगठ्याकडे आलं,
आणि सकाळपासून तीनदा
कॉपी करायला जाऊन तिनं भलतंच काही उघडलं.
बोटं कुठे सूचना वाचतात.

फायली सगळ्या आल्या. भाडेपट्टे, जुने फोटो,
बर्फाच्या पावत्यासुद्धा.
आला नाही फक्त तो शब्दसंग्रह
जो तिनं अकरा वर्षं एकेक शब्द शिकवून जमवला होता:
बोटींची नावं, खाडीतल्या खडकांची,
वाऱ्यावर वाळवलेल्या मेंढीच्या मांसाची.
या नव्याला पलीकडच्या वस्तीचं नावही ठाऊक नाही.
ओळीओळीखाली लाल टाके.

ती निमूट शिकवू लागली. हे बरोबर. हेही बरोबर.
मग एका नावाशी नव्यानं हळूच विचारलं:
तुम्मास?

तिनं नोंदवही काढली. कप्तानाची सही, ठळक,
म-च्या पाठीला चिकटून म.
अकरा वर्षं ती त्याला तुमास लिहीत आली.
जुन्याला एकदाच दटावलं होतं, गप, बरोबर आहे,
आणि तो गप्प राहिला.
तुम्माससुद्धा.

आजच्या पत्रात तिनं अर्धा म घातला.
संध्याकाळी धक्क्यावरून त्याचा फोन:
"बरं नाही का गं तुला?
आज पत्र कोणी लिहिलं?"