खोटी नावं

अकरा गवळाऊ. टेम्पोच्या दोन फेऱ्यांत गेल्या.
शेवटची फळीवर अडली,
ह्यांनी शेपूट पिळली नाही,
नुसता हात ठेवला तिच्या पाठीवर.

व्यापारी पुलगावचा. भला माणूस.
वही काढून म्हणाला, नावं सांगा बाई,
नावानं हाक मारली की वळतात.
मी सांगितली गंगा, गौरी, लक्ष्मी,
कॅलेंडरवरची.
भिंगरी, कवठी, टिपरी, मुकी
तोंडातच ठेवल्या.

अजून चारलाच जाग येते.
कोठ्यात कुटार तसंच पडून,
ढेपेचं अर्धं पोतं
शेजारची वेणू दोनदा मागून गेली.
देईन म्हणते.
गव्हाणीचा काठ, चाटून चाटून गुळगुळीत झालेला,
तेवढा काल धुतला. कशाला, कोण जाणे.

जेवताना हे म्हणाले,
गुडघे आता कमी दुखतात.
मी भाकर वाढली.

तिकडं कोणी पहाटे धार काढायला बसून
गंगा, गंगा म्हणत असेल
आणि भिंगरी कानही हलवत नसेल.
मला हेच पाहिजे होतं.

चार दिवस पाहिजे होतं.

आज पुलगावला फोन लावला.
म्हटलं, भाऊ,
ती वही काढा जरा.