डावीकडे, उजवीकडे

रात्रपाळी उतरून जुबैलच्या खोलीवर आलो
तर नाझनीन वही मांडून बसलेली:
भौतिक बदल डावीकडे, रासायनिक उजवीकडे,
मधली रेघ पट्टीने, दोनदा ओढलेली.
बाईंनी सांगितलंय, उलटवता येतो तो भौतिक,
नाही येत तो रासायनिक.
सोपं आहे, अब्बा. तुम्ही फक्त उदाहरणं सांगा.

उदाहरणांतच तर मी नोकरी करतो.
प्लांटमध्ये समुद्र उकळतो रात्रभर,
त्याची वाफ होते, वाफेचं पुन्हा पाणी,
मी ते बाटलीत धरतो, क्षार मोजतो,
रजिस्टरात आकडा मांडून सही करतो.
डावीकडे लिही.
बाहेर सतरा नंबरच्या पंपाचे बोल्ट,
मार्चमध्ये रंगवले, जूनमध्ये पापुद्रे.
बोटाला लागते ती लाल भुकटी
लोखंडाला आता ओळखही देत नाही.
उजवीकडे.

तेवढ्यात तिचं कोपर लागलं
आणि मामूने मंडणगडहून पाठवलेली आगळाची बाटली,
तीन टॉवेलांत गुंडाळून
दम्मामच्या कस्टममधून सुखरूप सुटलेली,
फरशीवर.

एसी तेवढा बोलत राहिला.
मग शमीम आतून आली, म्हणाली, चपला घाला आधी,
आणि डागावर मूठभर खायचा सोडा टाकून गेली.
लाल होतं ते बघता बघता निळसर, मग शेवाळी,
जुन्या मुक्या मारासारखं.
रासायनिक! नाझनीन ओरडलीच.

आणि काच?
जुळत नाही, म्हणजे तीही उजवीकडे.
नाही, म्हटलं.
मी गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा
कागदावर ठेवत होतो.
हा घे, हा घे, हा चिमटीत न येणारा घे,
यातला कुठलाही काचच आहे.
न उलटणं ही खूण नव्हे, बाईंना सांग.
दुसरं काही झालंय का, ते बघायचं.

पण बाटली तर गेली ना?
बाटली गेली.

बराच वेळ पेन्सिल चावून
तिने डावीकडे लिहिलं: काच फुटणे.
पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं, खोडलं, पुन्हा काढलं.
राहू दे म्हटलं.

सकाळचे सहा. तिकडे साडेआठ.
मामूचा फोन: बाटली पोचली का रे?
पोचली, म्हटलं,
अंगठ्यात रुतलेली कणी चाचपत.