आरोग्यशास्त्र, पेपर दुसरा

गोल्ड कोस्ट, १९३१

सोमवारी प्रार्थनेआधी मी हात बघतो.
आधी तळवे, मग पालथे.
नखात काळी कोर दिसली की पट्टी.
मग कान, मान, दात.
एकोणचाळीस तोंडं ओळीने उघडी,
किनाऱ्यावर ओतलेल्या मासळीसारखी.
माझ्या स्वतःच्या दोन दाढा किडल्यात,
म्हणून मी शाळेत ओठ मिटून हसतो.

पुस्तक लंडनहून आलेलं.
त्यात एक घर आहे. धुराडं, नळ, गालिचा.
गालिचा झाडण्यापूर्वी त्यावर
चहाची ओली पत्ती पसरावी, म्हणजे धूळ उडत नाही.
आम्ही पाठ केलं.
गावात गालिचा एकही नाही,
पण घोकून घोकून तो इतक्यांदा झाडला
की मला त्याचा रंग दिसायला लागला.
लाल असावा. कडेला पानं.

फ्लॅनेल अंगालगत का घालावं?
घाम शोषतं, सर!
फ्लॅनेल म्हणजे काय, हे मी विचारत नाही.
कुणी मला विचारलं तर?

आता रात्र. कंदील. उत्तरपत्रिका.
प्रश्न चौथा, गुण दहा:
डासांची पैदास कुठे होते?
नमुना उत्तर सोबत टाचलेलं आहे:
देशी लोकांच्या आवारात, फुटक्या मडक्यांत,
करवंट्यांत, त्यांच्या अस्वच्छ सवयींमुळे.
अडतीस जणांनी हेच लिहिलं,
स्वल्पविरामांसकट.
अडतीस वेळा मी दहा दिले
आणि बोट चाटून पान उलटलं
(हेही करू नये, पान एकोणीस).

एकोणचाळिसावी एकुआ अबाका.

'इन्स्पेक्टर साहेबांच्या बंगल्यामागे पिंप आहे.
पन्हळीचं पाणी त्यात पडतं. झाकण मोडलंय.
शनिवारी आईबरोबर धुतलेले कपडे द्यायला गेले
तेव्हा करवंटीभर पाणी काढून अळ्या मोजल्या.
एकसष्ट.
त्या डोकं खाली करून लोंबतात
आणि शेपटीकडून श्वास घेतात.
आमचं मडकं आई रोज पालथं घालते.
तिने हे पुस्तक वाचलेलं नाही.'

खाली चित्र. शेपटीची नळी
बरोबर पाण्याच्या रेघेला टेकवलेली.
आमच्या पुस्तकातल्या चित्रात ती नळीच नाही.

गेल्या महिन्यात विदरिज साहेब तपासणीला आले होते,
नाकाला रुमाल लावून.
अर्ध्या तासात दात वाजायला लागले त्यांचे.
भर दुपारी दोन घोंगड्या मागवल्या.
शेऱ्याच्या वहीत सही उतरंडीवरून घसरल्यासारखी आली.
वर लिहिलं होतं: मुलांचे पाय धुळीने भरलेले.

हा गठ्ठा फेरतपासणीला त्यांच्याकडेच जायचा.

मी बराच वेळ टाक हातात धरून बसलो.
लाल शाईचा थेंब टोकाशी जमला, पडला.
मग लिहिलं: चार.
समासात: नमुना उत्तराशी जुळत नाही.
अक्षर छान आहे, असंही लिहिलं.
का, कोण जाणे.

झोप लागेना. कंदील घेऊन निघालो.
बंगल्याच्या मागच्या बाजूला कुत्रं एकदाच भुंकलं,
मास्तरच आहे म्हणून गप्प झालं.
उजेड धरला तशा सगळ्या मिळून खाली गेल्या,
आणि हळूहळू, एकेक, वर आल्या.
मोजल्या नाहीत.
खांदा लावला. पिंप हललं, अडलं, आडवं झालं.
बूट भिजले. एवढंच.

सोमवार. तळवे, पालथे.
एकुआचे हात पांढुरके, साबणाने सुरकुतलेले,
नखं माझ्यापेक्षा स्वच्छ.
माझ्या अंगठ्याच्या नखात लाल शाई होती,
ती तिने पाहिली. मग माझे बूट पाहिले.
'सर, ते पिंप कुणीतरी पालथं घातलंय,'
ती म्हणाली, आणि ते फांटीत म्हणाली.
वर्गात फांटी बोलल्याला दोन पट्ट्या आहेत.

पुढचे हात, मी म्हणालो.
तेही फांटीतच निघालं तोंडातून.