निरंक

सोमवारी अकराच्या आत अहवाल जायला हवा.
आठवडा नववा. तासगाव, ग्रामीण रुग्णालय, खोली सहा.
दारावरचा लाल फलक काढला,
चार खिळ्यांची भोकं राहिलीत.

व्याख्या पाठ आहे:
ताप अडतीस किंवा वर, सोबत खोकला,
दहा दिवसांच्या आतला.
व्याख्येत बेदाण्याच्या शेडी बसत नाहीत.
गंधकाच्या धुरीनं अर्धा तालुका खोकतोय,
म्हणून मी आधी कपाळाला हात लावते,
मग थर्मामीटर.
हात बहुधा बरोबर असतो.

मणेराजुरीच्या छबाक्का एडकेंनी
काडी बघितली आणि पदर नाकावर ओढला.
"परत आलं का ते?"
नाही आक्का, साधा फ्लू असेल.
"साध्याला नाकात काडी कशाला?"
ह्याचं उत्तर परिपत्रकात नाही.
"घाल. पण नाव लिहू नकोस.
मागं लिहिलं तर गल्लीला बांबू बांधले,
दूधवाला वरीसभर लांबनं वतत हुता."

वय बावन्न. स्त्री. शेडमजूर.
नमुना एकोणतीस.

कुपी बर्फात, डबा मिरजेच्या एसटीत.
तेव्हा पाटोळे कंडक्टर डबा टपावर टाका म्हणायचे,
आता त्यावर पाय टेकून तिकिटं मोजतात.
"मासं हायत का, मॅडम?"
मासंच, म्हणते मी.

बारा दिवसांनी उत्तर आलं: एच-थ्री-एन-टू.
तोवर छबाक्का शेडीत बसून
बेदाण्याच्या काड्या निवडत होत्या.
"बरी झाल्यावर आजार सांगाय आलीस व्हय?"
आणि मूठभर बेदाणा माझ्या ओंजळीत,
अजून गंधकाचा वास असलेला.

त्या वर्षीचं रजिस्टर वरच्या फळीवर आहे.
सगळं अक्षर माझं,
एक ओळ सोडून.
बावीस एप्रिलची ती ओळ
दिलावर शिपायानं लिहिली.
माझ्या वडलांच्या नावात
त्याची वेलांटी चुकलीय.
मी दुरुस्त केली नाही.

आठवडा चौदावा.
ताप नाही, काडी नाही, डबा रिकामा.
नवे डॉक्टर म्हणाले,
काहीच नाही तर पाठवायचं कशाला?
सर, कोरी चौकट म्हणजे कुणी बघितलंच नाही.
बघितलं, आणि नव्हतं,
ह्याला वेगळा शब्द आहे.

पंखा बंद करून, कागद दाबून धरून
लिहिते:
निरंक.
वेलांटी पहिली.
अकराला पाच कमी.