‘पेव’, दुसरी बाजू

‘डांबर’चं नवं सगळं लोकांना आवडतं,
पुण्यातल्या काचेच्या खोलीत केलेलं,
चूक झाली की पुसता येते तिथं.
मलाही आवडतं, नाही असं नाही.
गाडीवरून मिरजेला जाताना वेळ जातो.

पण ‘पेव’ हरिपूरच्या रानात केलेलं,
नव्व्याण्णवच्या मे महिन्यात,
हळद काढून रिकाम्या झालेल्या पेवात.
वर एका माणसापुरतं तोंड,
आत दोनशे पोत्यांचा अंधार.
ड्रम सुटे करून दोरानं खाली सोडले,
वीज विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून.

पहिल्यांदा गाणं येतच नाही.
येतो एका म्हाताऱ्याचा आवाज
(कव्हरवर त्याचं नाव नाही, मी भिंग लावून बघितलंय).
पेवात उतरण्याआधी कंदील सोडतात, हवा बघायला.
तो म्हणतो, “इजला न्हाई. उतरा.”
आणि सुकुमार चौगुलेची पहिली थाप
मातीतून येते.
माझ्या कॉटच्या पायांतून वर आली होती ती,
विश्रामबागेत, बारावीच्या सुट्टीत,
भावाचा टेप, आवाज दोनवर,
कारण भिंतीपलीकडं पप्पांची रात्रपाळीनंतरची झोप.

दोनवर ऐकलेलं रॉक.
हसा खुशाल.
पण त्यानं कान वाकून बघायला शिकतो.
मला त्यात खोकला सापडला, चप्पल सरकलेली सापडली,
तिसऱ्या गाण्यात यासीन मुजावरची तार तुटते ती सापडली.
मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आणलेली तार,
गिटारला कशी पुरणार?
टण्णकन गेली,
भिंतीला वळसा घालून परत आली,
आणि कुणी थांबलं नाही.
धनपालनं फक्त एक शब्द गिळला.
मला वाटायचं गाणंच तसं आहे.
अजून त्या जागी मीही गिळते.

शेवटच्या ओळीआधी अकरा सेकंद काहीच नाही.
घड्याळ लावून मोजलेत.
कुणी म्हणतं, खाली हवा संपत आली होती,
कंदील फडफडला होता.
कुणी म्हणतं, ओळ विसरला.
काही का असेना, चौघंही श्वास धरून आहेत
आणि ते ऐकू येतं.

दोन हजार पाचला नदी पेवांत शिरली.
बरीचशी खचली, त्यात तेही.
त्या जागेचा आता नुसता घुमारा उरलाय,
माझ्याकडं, माळ्यावरच्या भडंगाच्या डब्यात,
नव्वद मिनिटांच्या फितीवर.

मी मिरजेत एक्स-रे काढते.
दिवसाला साठ छात्या.
श्वास घ्या. धरा. सोडा.
झोपेतही म्हणते म्हणे, नवरा सांगतो.

गुरुवारी कागदावर नाव होतं:
धनपाल भूपाल मगदूम, वय एक्कावन्न,
खोकला तीन आठवडे.
केस गेलेले. शर्ट काढून घडी घालून खुर्चीवर ठेवला,
कुणाच्या घरी पाहुणा आल्यासारखा.
हनुवटी वर, खांदे पुढं. मी काचेमागं.
घ्या, म्हटलं. धरा, म्हटलं.
बटण दाबलं.
मग पुढचं म्हणायचं राहिलं.

त्यानं धरलेला.
नऊ. दहा.
“मॅडम, सोडू का?”

पडद्यावर फुप्फुसं उमटली,
वर अरुंद, खाली रुंद होत गेलेली,
बरगड्यांच्या लिंपणातली जागा.
मला त्यातलं कळतं थोडंफार.
सांगायचं नसतं.

“काय दिसलं?”
रिपोर्ट डॉक्टर देतात, म्हटलं.
तो बटणं लावायला लागला, खालून वर.
बाहेर एकसष्टावा नंबर ताटकळत होता,
एक आजी, बांगड्या काढायला तयार नव्हती.
मी तिच्याकडं बघतच म्हणाले, हळू,
दोनवरच्या आवाजात,
“इजला न्हाई.”

तिसऱ्या बटणावर त्याचा हात थांबला.