मधली सीट

वर्धा रोडवरच्या शोरूममध्ये
हे खिशातून टेप काढतात.
तीस वर्षं उमरेडच्या खाणीत मोजमाप केलेला माणूस,
कंपनीच्या पुस्तिकेवर कसा विश्वास ठेवणार.
विक्रीवाली पोरगी, श्वेतल ढेंगे, आधी हसते,
मग टेपचं दुसरं टोक धरते.

पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर : जुनीपेक्षा अडीच इंच जास्त.
मागच्या सीटवर गुडघ्यापुढे : एक वीत मोकळी.
"वीत नका लिहू ना काका," श्वेतल म्हणते,
पण ह्यांनी लिहिलंय.

नाक बदललंय गाडीचं.
जुनीचं गोल होतं, सर्दी झाल्यासारखं.
हिचं चपटं, रुंद,
आणि दिवे असे बारीक डोळ्यांचे
जशी दुपारी दोन वाजता मेडिकल चौकात
माणसं उन्हाकडे पाहतात.

छताला काच आहे.
"नागपुरात? मे महिन्यात?"
"पडदा आहे ना काकू, बंद ठेवायचा."
म्हणजे आभाळाचे पैसे वेगळे,
आणि ते झाकायचे वेगळे.

सीटमधून गार वारा येतो.
ह्यांना गुदगुल्या होतात, बासष्टाव्या वर्षी,
शोरूमभर ऐकू जाईल असे हसतात.

मी मागे बसते.
सीट थोडी उंच केलीये.
नवा गुडघा बसवल्यापासून पहिल्यांदा
गाडीत शिरताना मी "आई गं" म्हणाले नाही.
हे पुस्तिकेत नाही, ह्यांच्या वहीतही नाही.

मग पाय सरकवते मधोमध,
आणि काहीच लागत नाही.

जुन्या गाडीत इथे उंचवटा होता.
सारंग एका खिडकीशी, मृण्मयी दुसऱ्या,
धाकटी म्हणून चेतना मधे,
एक पाय इकडे, एक पाय तिकडे,
रामटेकपासून पचमढीपर्यंत.
त्याला ती सेमिनरी हिल्स म्हणायची.
"मी वर राहते, तुम्ही दोघं खाली."
उलटीसुद्धा टेकडीवरूनच व्हायची,
दोन्ही बाजूंना सारखी.

तेव्हा मधे डोकं टेकायला काही नव्हतं.
पट्टा होता पोटापुरता,
तोही सीटखाली हरवलेला.
आता तिघांना तीन उशा, तीन पूर्ण पट्टे,
धडक बसली तर सहा फुगे,
आणि टेकडी जवळजवळ सपाट.
कुठेतरी कुणीतरी कागदावर वाकून
मधल्या पोराचा विचार केला.
अठरा वर्षं उशिरा.

रात्री हैदराबादेहून चेतना विचारते, रंग कोणता?
राखेचा, मी सांगते, कोराडीच्या चिमणीसारखा.
टेकडी गेल्याचं
सांगायचं राहूनच जातं.

दसऱ्याची वाट न पाहता चैत्रातच घेतली.
हार झाला, चाकाखाली लिंबू झालं,
मग ह्यांनी दारात पुन्हा एकदा मोजली.
तेवढीच भरली.

पहिल्याच आठवड्यात कूलरची मोटर जळाली.
गांधीबागेतून वाइंडिंग करून आणली.
डिकीत आदळेल, म्हणून जुन्या चादरीत गुंडाळून
मागे मधे ठेवली, शेजारी मी.
कॉटन मार्केट सुटतं न सुटतं तोच
टिंग, टिंग, टिंग.
समोरच्या पडद्यावर लाल माणूस :
मधे कुणीतरी बसलंय, पट्टा लावलेला नाही.

"काहून वाजून राहिली वो बाई?"
हे गाडीला विचारतात.
"मोटर हाय ना ते. माणूस नाही."
गाडी ऐकत नाही.

झाशी राणी चौकाच्या सिग्नलला
मी पट्टा ओढते,
चादरीच्या खांद्यावरून, पोटावरून,
टक्क.

गाडी गप्प.
हे आरशातून मागे पाहतात.
"नीट बसली?" विचारतात.
कोण, ते म्हणत नाहीत.
सिग्नल केव्हाचा हिरवा झालेला असतो.