हयातीचा दाखला

नोव्हेंबरात, ऐन झोडणीत,
हवालदार दापोलीच्या बँकेत जातात
आपण जिवंत आहोत हे सांगायला.
मी सोबत जाते. चष्मा माझ्याकडे असतो.

यंदा यंत्राने अंगठा घेतला नाही.
उजवा नाही, डावाही नाही.
रुमालाने पुसला, केसांवर घासला,
यंत्र आपलं लालच.
काउंटरवरची पोरगी म्हणाली,
आजोबा, रेषाच राहिल्या नाहीत हो.

कुठे गेल्या ते मला विचारायचं.

लग्नानंतर सतरा वर्षं हा माणूस
मनीऑर्डरीच्या कुपनावर भेटायचा.
सर्व कुशल. बांध बघ.
बांध मी बघितला.
केळशीची खाडी अमावास्येला कुठवर चढते,
उघाडीची फळी केव्हा पाडायची,
खेकड्याचं बीळ बाहेरून केवढं दिसतं
आणि आत केवढं असतं,
हे त्यांच्या पलटणीत कुणी शिकवत नव्हतं.

परतले ते काळी पत्र्याची ट्रंक घेऊन,
वर पांढऱ्या रंगात नाव नि नंबर.
गुडघ्यात थंडी, आणि चारला उठायची खोड.
पहिल्याच दिवशी खारात बूट घालून उतरले.
चिखलाने डावा बूट ठेवून घेतला,
अजून परत केलेला नाही.
मी म्हटलं, इथे रिक्रूट तुम्ही.
हसले नाहीत.
दुसऱ्या दिवशी अनवाणी आले.

रोपं अशी लावली की दोरी धरून बघावी.
धाकू म्हणाला, भात काय सलामी देणार हाय?

मग त्या वर्षीची सर्वपित्री.
पानावरचा भात कावळ्याने शिवला होता,
म्हणून मी निर्धास्त.
रात्री बाराच्या भरतीला वारा मिळाला
आणि उघाडीच्या अंगाला खांड पडली.
आधी हातभर, मग माणूसभर.
पेंढा टाकला, गेला.
काट्यांचे भारे टाकले, गेले.
हवालदार घराकडे धावले.
मला वाटलं, पळाले.

डोक्यावर ट्रंक घेऊन आले.
आतला कोट, मेडलं, माझी पत्रं
खाटेवर ओतून आले होते, ते सकाळी कळलं.
ट्रंकेत चिखल भरला, दोघांनी ढकलली,
आणि ते तिला पाठ लावून उभे राहिले
छातीएवढ्या पाण्यात.
मी घमेली टाकत होते.
मधूनच काही बोलत होते, हिंदीत,
माझ्याशी नाही.
कुणा जोगिंदरला सांगत होते, हात सोडू नको.

मी विचारलं नाही.
आजवर नाही.
ओहोटी लागली तेव्हा म्हणाले, चहा.

तरी खालचे चार वाफे गेले.
दोन वर्षं तिथे मीठच पिकलं.
ट्रंक बांधाच्या पोटात आहे, गंजली असेल.
वर तिवर उगवलंय.
नंबराची बाजू खाडीकडे.

तर बँकेत.
डोळ्यांचं मशीन बिघडलंय, सोमवारी या, पोरगी म्हणाली.
सोमवारी माणसं सांगितलीत झोडणीला.
हवालदार उभे राहिले
आणि नंबर सांगितला,
सगळा, न अडखळता,
इतक्या मोठ्याने की रांग वळून बघू लागली.
पोरगी ओशाळली.
आजोबा, आवाज चालत नाही.

एसटीत खिडकीशी बसून
ते अंगठा उलटसुलट बघत होते.
मी माझा बघितला.
तोही कोरा.
मला कुणी विचारत नाही
जिवंत आहेस का म्हणून.

पुलावरून खाडी दिसली तेव्हा म्हणाले,
आज तेरस ना? भरती कितीला?
सव्वादहाला, मी म्हटलं.
मग जेवून जाऊ.